साठच्या पुढे गेली की गाडीच्या अंगात येतं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वाचकाचं चार पानी पत्र आलं आहे. नाव, गाव आणि गाडीचा नंबर त्यांच्याच सांगण्यावरून गाळले आहेत. मजकूर थोडक्यात असा :

"माझ्याकडे सहा चाकी जुना मेटॅडोर आहे, २०१० चं मॉडेल. पाच वर्षांपूर्वी जुनाच घेतला. सात एकर कोरडवाहू आहे, पण घर चालतं ते या गाडीवर. हंगामात गावातला कापूस जिनिंगला, सोयाबीन बाजार समितीत, येताना खत नाही तर सिमेंट. दिवाळीपासून गाडीनं जीव नकोसा केला आहे. पांदणीतून रिकामी आणताना बंडीसारखी आदळते, कंबर राहत नाही. हायवेला ५५-६० च्या पुढे गेली की गाडीच्या अंगात येतं. सीट, पायाखालचा पत्रा, गियरचा दांडा, सगळं घुमायला लागतं. माल भरला की कमी होतं. गावचे मिस्त्री माझे शाळेपासूनचे मित्र. त्यांच्या सांगण्यावरून अलाइनमेंट केली, चारही शॉकअप नवे टाकले, मग पुढचे दोन टायर नवे घेतले. ३१ हजार गेले, फरक शून्य. (दसऱ्याला मागच्या कमानीत दोन पाटे जास्तीचे टाकले होते, कापूस जास्त बसावा म्हणून, आणि दिवाळीनंतर हायवेवर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तुटला तो तिथल्याच एका टपरीत बदलला, पण ती कामं व्यवस्थित झाली.) आता मिस्त्री म्हणतात, मागच्या अॅक्सलचं हाउसिंग उघडावं लागेल, ४५ हजार धरून चाल. साळा म्हणतो, विकून टाका आणि हप्त्यावर नवीन घ्या. बायको म्हणते, मिस्त्री बदला. मित्राला सोडून दुसऱ्याकडे गाडी नेली तर रोज समोरासमोर कसं यायचं? हाउसिंग उघडू, गाडी विकू, की मिस्त्री बदलू?"

भाऊ,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी तुम्ही कंसात टाकलेल्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली. त्या वाक्याकडे येतो, पण आधी तुमच्या तीन प्रश्नांच्या अलीकडचा एक प्रश्न. तुमच्या मिस्त्रींनी ही गाडी रिकामी, साठच्या वेगानं, स्वतः चालवून पाहिली आहे का?

पत्रात तरी तसं कुठे नाही. गावातल्या गॅरेजबाहेरचा रस्ता तिसाच्या वर जाऊ देत नाही, आणि गाडी बिघडते साठला. ताप येतो रात्री आणि डॉक्टर नाडी बघतो दुपारी, असं झालं आहे. तुम्ही म्हणालात थरथरते, त्यांनी थरथरीवर जे जे ठाऊक होतं ते एकेक करून बदललं. यात मला फसवणूक दिसत नाही. आपल्याकडे मिस्त्रीला पैसे मिळतात ते पार्ट बसवण्याचे. तासभर गाडी फिरवून, खाली झोपून, 'यात काही बदलू नका' असं सांगण्याची मजुरी कोणी देत नाही. मी उमेदीची अठरा वर्षं वर्कशॉपच्या खड्ड्यात काढली. नुसत्या तपासणीचे पैसे हसतमुखानं देणारा मालक मला आठवायचा झाला तर बराच वेळ लागेल. मग मिस्त्रीही काय करणार, टायर बदला म्हणतो.

दुसरं असं की तुम्ही दोन तक्रारी एका दाव्याला बांधल्या आहेत. आदळणं वेगळं आणि थरथर वेगळी. आदळणं रस्त्यातून येतं : खड्डा चाकाला लागतो, चाक पाट्याला सांगतं, पाटा तुमच्या कंबरेला. थरथर मात्र गाडीच्या पोटात जन्मते. काहीतरी फिरतंय आणि ते नीट गोल फिरत नाही. रस्ता आरशासारखा असला तरी ती येणारच. शॉकअप हा आदळण्याच्या खात्यातला पार्ट आहे, तोही अर्धाच; तो वजन पेलत नाही, पाट्याचं झुलणं थांबवतो. तो बदलून साठची थरथर जाईल ही आशाच चुकीच्या खात्यात जमा होती. अलाइनमेंटचंही तेच. ती चाकांची दिशा बघते : गाडी एका अंगाला ओढते का, टायर एका कडेनं झिजतो का. चाकाचं वजन सगळीकडून सारखं आहे का, हे बॅलन्सिंग बघतं. ते काम वेगळं, मशीन वेगळं. तुमच्या चार पानांत बॅलन्सिंग हा शब्द एकदाही आलेला नाही, म्हणजे नवे टायर बहुधा तसेच चढले.

आणि हेही बघा : थरथर बुडाखाली आणि पायाखाली येते, स्टिअरिंगचं तुम्ही नावही काढलं नाही, आणि टायर बदलले पुढचे. पुढच्या चाकांचं दुखणं आधी स्टिअरिंगच्या हातात येतं. सीटमध्ये, पत्र्यात, गियरच्या दांड्यात जे घुमतं ते मागचं चाक असतं, नाही तर गिअरबॉक्सपासून मागच्या हाउसिंगपर्यंत जाणारा लांब शाफ्ट.

आता तो कंस. तुमच्याच पत्रातल्या गोष्टी फक्त तारखेनं लावतो. दसऱ्याला दोन पाटे वाढले. दिवाळीनंतर शाफ्टचा क्रॉस तुटला आणि रस्त्यात बदलला गेला. तक्रार दिवाळीपासून. रिकामी गाडी जास्त थरथरते, भरलेली कमी. मी गाडीला हात लावलेला नाही, तेव्हा निकाल देत नाही. पण पोलीस असतो तर पहिली चौकशी इथेच केली असती.

पाट्यांचं बघू. मूळचे सात पाटे धरा. त्याच जाडीचे दोन वाढवून नऊ केले की कमान साधारण ३० टक्के कडक होते. माल असेल तर ती दबते, रिकामी असेल तर दबायला वजनच नाही. मग कमान म्हणजे ओंडका. पांदणीत गाडी बंडीसारखी का आदळते त्याचं निम्मं उत्तर इथेच आहे. खरं सांगायचं तर हे पाटे कापसासाठी नव्हते. मोकळा कापूस गाडीत आधी जागा खातो, वजन नंतर भरतं. पाटे होते ते सोयाबीनच्या कट्ट्यांसाठी आणि परतीच्या सिमेंटसाठी. हे आपल्या दोघांत राहू द्या. फक्त एवढं ध्यानात घ्या, पाटे वाढले म्हणून ब्रेक वाढत नाही, टायर वाढत नाही, अॅक्सल जाड होत नाही आणि आरसी बुकातला वजनाचा आकडाही बदलत नाही. क्रॉस दिवाळीनंतरच का तुटला, याचाही विचार करा.

दुसरा परिणाम कमी दिसतो पण जास्त छळतो. जादा पाट्यांनी रिकाम्या गाडीची मागची बाजू उचलली जाते. चेसिस वर, हाउसिंग खाली तिथेच, म्हणजे मधला शाफ्ट जास्त तिरका. ट्रॅक्टरला मळणी यंत्र जोडताना पीटीओ शाफ्टचा कोन जास्त राहिला तर काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. खडखडतो, तापतो, क्रॉस खातो. तोच क्रॉस तुमच्या गाडीखाली आहे. त्याचा स्वभावच असा की शाफ्ट वाकडा असताना एका बाजूनं तुम्ही तो कितीही सारख्या गतीनं फिरवा, दुसरी बाजू एका फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. म्हणून शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस देतात. एकाचं धावणं दुसऱ्यानं फेडावं. पण ही फेड होते कधी? दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील आणि क्रॉस धरणारे दोन्ही टोकांचे कान एका रेषेत असतील तेव्हा.

ही रेष नेमकी रस्त्यावरच्या घाईत चुकते. शाफ्टमध्ये आतबाहेर सरकणारा एक दातेरी भाग असतो. क्रॉस बदलताना तो सुटा झाला आणि परत घालताना दोन दात इकडे की तिकडे, याकडे लक्ष राहिलं नाही, की क्रॉस नवा कोरा असूनही शाफ्ट थरथरणार. बसवणाऱ्यानं वाईट काम केलं असं म्हणवत नाही, बोल्ट सगळे घट्ट असतात, बाहेरून काम चोख दिसतं. मी स्वतः हे केलं आहे. नवीन होतो, शाफ्टवर खूण न करता उतरवला आणि अंदाजानं चढवला. मालक तिसऱ्या दिवशी परत आला, म्हणाला गाडी नाचते. मी छातीठोकपणे टायरला दोष दिला. टायर त्यानं बदलले. गाडी नाचतच राहिली. शेवटी उस्तादानं खड्ड्यात उतरून नुसतं बघितलं, शाफ्ट सोडला, फिरवून बसवला. अर्ध्या तासाचं काम. टायरचे पैसे माझ्या पगारातून कापले गेले, ते बरंच झालं.

तेव्हा हाउसिंग उघडण्याआधी शाफ्ट बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. खाली लाकडाचे जाड ठोकळे किंवा स्टँड हवेच. दोन्ही टोकांचे कान एका रेषेत आहेत का ते डोळ्यांनी दिसतं. बऱ्याच शाफ्टवर बाणाच्या खुणा असतात, मळ खरवडा म्हणजे सापडतील. प्रत्येक क्रॉसपाशी शाफ्ट हातात धरून वर-खाली आणि गोल हलवा. खट्ट असा मोकळेपणा जाणवला तर तो क्रॉस गेलेला. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर मधल्या सेंटर बेअरिंगचं रबर बघा. ते फाटलं की शाफ्ट लोंबतो. शाफ्टवर लोखंडाचे छोटे तुकडे वेल्ड केलेले असतात, ते कचरा नाही, तो कारखान्यानं केलेला तोल आहे. एखादा गळून पडला असेल तर तिथे चौकोनी डाग दिसतो. शाफ्टला पोचा असेल तर लेथवर तपासून, सरळ करून, तोल साधून घ्यावा लागतो. ती सोय नागपूर, अमरावतीकडे मिळेल. आणि सुतळी, बारदान, प्लॅस्टिक गुंडाळलेलं असेल तर आधी ते कापा. कापूस वाहणाऱ्या गाड्यांखाली काय काय निघतं ते मी पाहिलं आहे.

आता रस्त्यावरची तपासणी. मोकळा, सरळ रस्ता, सकाळची वेळ, गाडी रिकामी, शेजारी मिस्त्री, आणि मुलगा किंवा पुतण्या वही घेऊन. रस्ता निवडतानाही सावध राहा. आपल्या काळ्या मातीचा गुण असा की पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटा घेतो आणि गाडी झुलते. सिमेंट रस्त्यावर दर साडेचार-पाच मीटरवर सांधा असतो, साठच्या वेगात सेकंदाला तीन-चार ठोके लागतात. ती रस्त्याची टकटक, गाडीची नव्हे. म्हणून दोन वेगळ्या रस्त्यांवर चालवा. जी थरथर दोन्हीकडे त्याच वेगाला येते ती तुमची. अमरावती-अकोला महामार्गावर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीज बुकात नोंद झाली होती. ज्यांची गाडी नव्या कोऱ्या डांबरावरही नाचते त्यांनी रस्त्याला बोल लावू नये.

थरथर सुरू होईपर्यंत हळूहळू वेग वाढवा, काटा कुठे आहे ते लिहून घ्या. मग त्याच वेगाला एक गियर खाली या. ५५ ला खालच्या गियरमध्ये इंजिन ओरडेल, मिनिटभर ओरडू द्या, पण लाल रेषेपलीकडे नेऊ नका. चाकं आणि शाफ्ट पूर्वीच्याच गतीनं फिरत आहेत, फक्त इंजिन जोरात. थरथर होती तशीच राहिली तर इंजिन निर्दोष. थरथर नाहीशी झाली किंवा तिचा सूरच बदलला, तर इंजिनाची फाउंडेशन रबरं, क्लच प्लेट, तुटकं फॅनचं पातं यांच्याकडे वळा. जिथे टॉप गियर सरळ असतो तिथे इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीनं फिरतात, म्हणून नुसत्या टॉपमध्ये चालवून दोष कुणाचा ते कळत नाही. नंतर पुन्हा टॉपमध्ये येऊन क्लच दाबा आणि दोन-तीन सेकंद गाडी आपोआप जाऊ द्या. इंजिन बंद करायचं नाही, उतारावर हे करायचं नाही. तरीही घुमत राहिली तर दोष क्लचच्या मागे कुठेतरी आहे.

राहिले दोन संशयित, शाफ्ट आणि चाक. त्यांना ओळखायची खूण ठोक्यांत आहे. तुमच्या आकाराच्या गाडीचा ७.५०-१६ टायर एका फेऱ्यात सुमारे अडीच मीटर जातो. साठच्या वेगाला गाडी मिनिटाला १००० मीटर जाते, म्हणजे चाकाचे ४०० फेरे, सेकंदाला सहा-सात. हे ठोके वेगळे जाणवतात, ढब-ढब-ढब, बुडाला मोजता येतील असे. शाफ्ट त्याच्या चार-पाच पट फिरतो, सेकंदाला तीसच्या आसपास, आणि क्रॉसची चूक असेल तर त्याचीही दुप्पट. ते मोजता येत नाही. पिठाच्या चक्कीवर हात ठेवल्यासारखं घुमतं. तुम्ही पत्रात 'घुमतं' हाच शब्द वापरला आहे. माझा कल शाफ्टकडे आहे तो त्यामुळेही. मात्र भरलेल्या गाडीत कुठलीही थरथर वजनानं दबते, तेव्हा 'भरली की कमी होते' एवढ्या एका साक्षीवर शाफ्टला फासावर देऊ नका.

चाकांची पाळी आली तर मागून सुरू करा. सहा चाकी गाडीत मागचा आतला टायर अनाथ असतो. पंक्चर झाल्याशिवाय त्याच्याकडे कोणी बघत नाही, जुना, रिमोल्ड, दुसऱ्या कंपनीचा, काहीही तिथे ढकलतात. जोडीतला एक टायर घासलेला आणि एक उंच असेल तर दोघांची ओढाताण चालते. दोन टायरांत दगड अडकलाय का बघा. पावसाळ्यानंतर रिमच्या आतल्या बाजूला काळी माती किलो-किलोनं सुकून बसते आणि एका अंगाला जास्त असते. वाकळीसारखी थापलेली माती खरवडून धुतली आणि थरथर गेली, असं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे. पुढची चाकं धरून ठेवा, मागचं एक चाक उचला, गियर न्यूट्रल, शेजारी वीट उभी करा आणि चाक हातानं फिरवत टायर आणि विटेमधली फट बघा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो, बोटभर चालत नाही. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नवा म्हणून घेतलेला टायर किती नवा होता तेही कळेल.

हंगामात जिनिंगपुढे रांगेत भरलेली गाडी दोन-दोन रात्री उभी राहते. नायलॉनचे टायर अशा वेळी खालून चपटे बसतात आणि निघाल्यावर गाडी ढबढबते. दहा-पंधरा किलोमीटरनंतर टायर गरम होऊन गोल झाले की ती थांबते. त्यावर खर्च करू नका. तुमची थरथर टायर तापल्यावरही जात नसेल तरच ती आजार.

हाउसिंगबद्दल एवढंच की त्यातली क्राऊन-पिनियन ही गियरची जोडी सहसा आधी आवाज करते आणि मग हलवते. ॲक्सिलेटर दिल्यावर आणि सोडल्यावर कूं करणारा सूर बदलतो. असा आवाज तुम्ही लिहिलेला नाही. तरी शंका नको म्हणून ऑइलची पातळी बघा, थोडं ऑइल काढून पांढऱ्या फडक्यावर घ्या. चमकणारे कण, दाताचे तुकडे दिसले तर मिस्त्री खरे. नुसतं काळं पडलेलं ऑइल असेल तर बदला आणि ४५ हजार तूर्त घरात ठेवा.

आदळण्याचा इलाज जास्त सोपा आहे आणि कमी मानाचा, म्हणून लोक करत नाहीत. ते दोन पाटे काढा. निदान एक तरी काढून आठवडाभर चालवा. काढताना प्रत्येक पाटा तपासा, तुटका पाटा दुसऱ्यांच्या मध्ये लपून बसतो. पाट्यांमध्ये गंज धरला की ते एकमेकांवर घसरत नाहीत आणि सगळी थप्पी एकच जाड पट्टी होऊन बसते. गंज घासून मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावा. कमानीचं टोक धरणाऱ्या शॅकलच्या पिनांना ग्रीस जातं का, की निपल मातीनं बुजलंय? परत बांधताना यू-बोल्ट सारखे आवळा आणि थोडं चालवून पुन्हा आवळा. कमानीच्या पुढच्या पिनेपासून अॅक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपनं मोजा. फरक असेल तर मधला सेंटर बोल्ट तुटून अॅक्सल सरकलेलं असू शकतं, आणि मग गाडी रस्त्यावर कुत्र्यासारखी तिरकी धावते.

हवा. भरल्या मालाच्या हिशेबानं ठासून हवा भरायची आणि वर्षभर तशीच ठेवायची ही आपली रीत. रिकाम्या गाडीला ती दगडासारखी लागते. हँडबुकात किंवा दाराजवळच्या पट्टीवर दिलेला आकडा बघा, सकाळी टायर थंड असताना मोजा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, दुपारी टायरची हवा वाढलेली दिसते. ती तेव्हा सोडू नका, रात्री टायर उपाशी पडतो. आणि सीटची गादी बदला. हसू नका. बसलेल्या माणसाचा मणका सेकंदाला चार ते सहा हादऱ्यांना सगळ्यात जास्त डोलतो, आणि जुन्या ट्रकचे गचके बरेचसे त्याच पट्ट्यात येतात. दिवसाचे आठ तास त्या चपटलेल्या स्पंजवर बसून कंबर कशी राहील?

काही खुणा दिसल्या तर मात्र तपासणी, हंगाम, भाडं सगळं बाजूला ठेवून गाडी उभी करा : टायरला फुगा, चाकाच्या नटांभोवती गंजाचे ताजे ओघळ, गियर टाकताच खालून खट्ट असा जोरदार आवाज, किंवा खड्ड्यानंतर न थांबणारं स्टिअरिंगचं फडफडणं. पुढच्या चाकात मोकळेपणा वाटला तर चाक उचलून वर-खाली धरून हलवा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेकनं मोकळेपणा गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्याच्याभोवती वळतं ती पिन. शाफ्टचं पुढचं टोक चालत्या गाडीत सुटलं तर ते रस्त्यात रुततं. पुढचं सांगत नाही. ज्या ज्या वाचकांची गाडी पार्ट बदलून आल्यापासून थरथरते, त्यांनीही आधी तोच पार्ट पुन्हा बघावा. चाक काढून बसवलं असेल तर शंभरेक किलोमीटरच्या आत नट पुन्हा आवळावेत, समोरासमोरचे, गोल फिरत नव्हे.

साळ्यांच्या सल्ल्यात तथ्य नाही असं नाही. गाडी जुनी आहे, फिटनेस दरवर्षी काढावा लागतो. पण बिघाड न ओळखता विकायला काढली तर घेणाराही ती साठला चालवून बघणार आणि किंमत पाडणार. अर्ध्या तासाच्या कामाचे पैसे तुम्ही त्याला सूट म्हणून द्याल. आणि नव्या गाडीचा हप्ता बारा महिने येतो, कापूस-सोयाबीनचं भाडं चार-पाच महिने. बाकीच्या महिन्यांत गाडीला काय काम आहे, हे कागदावर मांडून दाखवा म्हणावं त्यांना. विकायचीच असेल तर बरी करून विका.

राहिले मिस्त्री. वहिनींचा राग मला समजतो, ३१ हजार थोडे नाहीत. पण आतापर्यंत तुम्ही त्यांना तपासणीची संधी दिलेलीच नाही. एका रविवारी त्यांना दिवसाची मजुरी आधी हातावर ठेवा आणि सांगा, आज काही बदलायचं नाही, फक्त शोधायचं. हायवेला घेऊन जा, त्यांना चालवू द्या, तुम्ही शेजारी बसा. मित्र असतील तर पैसे नको म्हणतील, तरी द्या. एवढं करूनही ते 'हाउसिंगच' म्हणाले तर कशावरून, हे विचारा. कण दाखवले, आवाज ऐकवला तर उघडा. नाही दाखवता आलं तर यवतमाळला किंवा नागपूरला दुसऱ्याचं मत घ्यायला त्यांनाच सोबत न्या. न सांगता गाडी दुसऱ्या गॅरेजला उभी दिसणं आणि दोघांनी मिळून जाणं, यांत गावाला फरक कळतो.

शाफ्ट उतरवायची वेळ आली तर त्याआधी पांढरा ऑइलपेंट आणि काडी घ्या. सरकत्या भागाच्या दोन्ही तुकड्यांवर मिळून एक सरळ रेघ, दोन्ही फ्लँजवर (शाफ्ट बोल्टनं जोडतात त्या चकत्यांवर) एकेक. आत्ता कान जसे आहेत तसा मोबाइलवर फोटोही काढून ठेवा, चुकीचे असले तरी.